हस्ताच्या पावसात साल्हेर

नाशिककराला कळसूबाई ठाऊक असते, ब्रह्मगिरी पाठ असतो, हरिहरच्या पायऱ्यांचे फोटो तर मोबाईलमध्ये असतातच. साल्हेरचं नाव निघालं की मात्र तो ‘जायचंय एकदा’ म्हणून विषय बदलतो. अंतर हे त्याचं एक कारण. बागलाणच्या पार टोकाला, गुजरातच्या डांग जंगलाला खेटून हा किल्ला उभा आहे. उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला आणि कळसूबाईच्या खालोखाल राज्यातलं दुसरं उंच टोक. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात नाशिक जिल्ह्यातला हा एकटाच. त्यामुळे आता वर्दळ वाढणार हे उघड आहे.

चढाई मध्यम स्वरूपाची आहे. दम लागतो, दोर लागत नाही. रोज तासभर चालणाऱ्या माणसाला साल्हेर जमतो. अवघड असते ती तिथली हवा. परतीच्या पावसात, हस्त नक्षत्र चालू असताना, तिथे एकाच दिवसात धुकं, लख्ख ऊन, वीज आणि धो धो पाऊस असं सगळं वाट्याला येऊ शकतं. तरीही मी मुद्दाम ऑक्टोबरचा पहिला आठवडा निवडला. डोंगर तेव्हा पूर्ण हिरवा असतो, सोनकी फुललेली असते, टाकी भरलेली असतात आणि पावसाने धुतलेल्या हवेत नजर लांबवर पोहोचते. फक्त डोंगराच्या घड्याळाप्रमाणे चालायची तयारी हवी.

सोबत भाची होती, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, आणि आमच्या कॉलनीतले निवृत्त भूगोल शिक्षक, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात.

पहिला दिवस : नाशिक ते वाघांबे

दुपारचं जेवण उरकून निघालो. आग्रा रोडने पिंपळगाव, वडाळीभोई, मग सोग्रस फाट्यावरून डावीकडे देवळ्याचा रस्ता. फाट्याच्या अलीकडेच पश्चिमेला धोडप दिसतो. त्याच्या माथ्यावरून निघालेली ती काळी दगडी भिंत आणि भिंतीत मधोमध कापून काढल्यासारखी खाच. सरांनी गाडी थांबवायला लावली. “ही कुणी बांधलेली भिंत नाही बरं का,” ते भाचीला सांगत होते. “आधीच्या खडकाला भेग पडली, तिच्यात लाव्हा घुसून गोठला. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि हा आतला कठीण भाग उभा राहिला.” सह्याद्रीचा हा सगळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हाचे थरावर थर साचत गेले, म्हणून आपल्याकडचे डोंगर टप्प्याटप्प्याचे दिसतात: कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. दुसऱ्या दिवशी याच टप्प्यांवरून चढायचं होतं.

भावडबारीचा घाट ओलांडला की देवळा, मग सटाणा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका सोंगणीला आलेला, कांद्याच्या चाळी अजून अर्ध्या भरलेल्या, आणि द्राक्षबागांमध्ये फवारणीचे ट्रॅक्टर. बागलाणात द्राक्षाची छाटणी बाकी जिल्ह्याच्या आधी होते, त्यामुळे हस्ताचा पाऊस इथे नेमका घडांवर येतो. आम्ही ढगांकडे डोंगरवेड्याच्या नजरेने बघत होतो आणि बागेतला माणूस वर्षभराच्या कमाईच्या काळजीने. हे डोळ्यांसमोर असताना ‘काय मस्त वातावरण आहे’ असं तोंडातून निघत नाही.

ताहराबादला चहा घेतला. “कथा चालनात भाऊ?” टपरीवाल्याने अहिराणीत विचारलं. साल्हेर म्हटल्यावर त्याने पश्चिमेकडे मान वळवून एकदा पाहिलं आणि दुपारच्या आत खाली यायला सांगितलं. डावीकडे मोसम नदीचं खोरं धरून मुल्हेर मागे टाकलं आणि अंधार पडायच्या आत वाघांब्यात पोहोचलो.

मुक्काम एका ओळखीच्या घरी होता. घरधनी भाऊ शेती करतात, हंगामात वाटाड्या म्हणूनही येतात. वहिनींनी नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी वाढली. जेवताना भाऊंनी उद्याचं गणित मांडलं. “सहाच्या आधी निघू. दहाला टोकावर. अकरानंतर डांगाकडचा वारा फिरतो. वारा फिरला का टोकावर थांबायचं नाही.”

“आणि नाही फिरला तर?” भाचीने विचारलं.

“हस्तात फिरतोच, ताई.”

सरांनी मग त्यातला भूगोल सांगितला. जूनपासून चार महिने पश्चिमेचा वारा एकसारखा जोरात असतो, म्हणून तेव्हाचा पाऊस संततधार. ऑक्टोबरात तो वारा पडतो. जमीन ओली, ऊन कडक. सकाळभर तापलेली दमट हवा वर उसळते, डोंगराच्या धारेवर तिला आणखी उचल मिळते आणि दुपारपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात. म्हणून परतीचा पाऊस गडगडाट करत, दुपारनंतरच येतो. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की नाही ते विचारलं.

दुसरा दिवस : साल्हेर

पावणेसहाला निघालो तेव्हा अंधार होता आणि आभाळ स्वच्छ, चांदण्या दिसत होत्या. गावाबाहेर भात आणि नागलीची खाचरं, बांधावर दव. झुंजुमुंजू झालं तसं खुरासणीच्या शेतांचा पिवळा रंग उघडत गेला. समोर साल्हेर आणि त्याच्या शेजारचा सालोटा किल्ला, दोघांच्या मधली खिंड स्पष्ट. पहिलं लक्ष्य तीच.

खिंडीपर्यंतची वाट सोंडेवरून, एकसारख्या चढाची. गुडघाभर गवतातून जाताना पँट मांड्यांपर्यंत भिजते, आणि वाट मातीची असल्याने बुटांना चिखलाचे थर चढतात. अर्ध्या वाटेवर असताना खालच्या खोऱ्यातून धुकं वर आलं. पाच मिनिटांत सालोटा गेला, मग साल्हेर, मग आमच्या पुढची झुडपं. भाऊ थांबले. धुक्यात इथे चकायला होतं, कारण गुरांच्या वाटा सगळीकडे फुटलेल्या असतात आणि त्या मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसतात. त्यांनी आम्हाला एकमेकांच्या हाकेच्या अंतरात चालायला सांगितलं. भाची मधे, सर तिच्या मागे, मी शेवटी.

साडेसातच्या सुमारास खिंडीत आलो. वारा एवढा की घामाने भिजलेली पाठ क्षणात गार पडली. उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं हे पुस्तकात असतंच, पण ओल्या कपड्यांवर वारा लागला की जाणवणारा गारठा त्याच्या कितीतरी पुढचा असतो. तिघांनीही तिथेच कोरडे टीशर्ट चढवले. ऑक्टोबर म्हणजे ‘हीट’, मग जादा कपडे कशाला, असं म्हणणाऱ्यांनी या खिंडीत दहा मिनिटं उभं राहावं.

खिंडीतून एका हाताला सालोटा, दुसऱ्या हाताला साल्हेर. साल्हेरच्या बाजूला वळलं की खरा किल्ला सुरू होतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, त्या संपतात तिथे दरवाजा, पुन्हा पायऱ्या, पुन्हा दरवाजा. सर म्हणाले तेच खरं, जिथे कड्याचा थर तुटतो नेमकी तिथे दरवाजाची जागा निवडली आहे. बांधणाऱ्याने निम्मं काम डोंगराकडूनच करून घेतलं.

या पायऱ्यांविषयी थोडं थांबून लिहायला हवं. पावसाळ्यानंतर त्यांच्यावरून पाणी झिरपत असतं. मधला भाग शेकडो वर्षांच्या पावलांनी झिजून पाट्यासारखा खोलगट झालाय आणि त्या खोलगटीत पाणी साचतं. बाहेरच्या कडेला, जिथे पाय कमी पडतात, तिथे हिरवंकाळं शेवाळ. ते ओलं असताना कुठल्याही महागड्या बुटाला दाद देत नाही. भाऊ साध्या प्लास्टिकच्या चपलेवर होते. त्यांनी पाऊल कसं टाकायचं ते दाखवलं: कड्याच्या बाजूला, टाच न उचलता, पाऊल पूर्ण टेकवून, आणि त्याच वेळी हात भिंतीवर. भिंतीतही हाताला आधार मिळेल अशा खोबणी आहेत, पण त्या डोळ्यांनी दिसत नाहीत, चाचपल्यावर सापडतात. भाचीने एका खोबणीत चारही बोटं अडकवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “मामा, हे कुणीतरी हाताच्या मापाने खोदलंय.” मीही बोटं घालून पाहिली. अगदी मापाची होती.

दरवाजे ओलांडले की कड्याला बिलगून आडवी वाट लागते. उजवीकडे कातळात कोरलेल्या गुहांची रांग, डावीकडे दरी. धुक्यामुळे दरी दिसत नव्हती आणि त्यामुळे भाची निर्धास्त चालत होती. येताना ऊन असतं तर कदाचित जपून चालली असती.

सव्वानऊला पठारावर पाऊल ठेवलं आणि धुकं फाटलं. अक्षरशः दोन-तीन मिनिटांत. आधी गंगासागर तलावाचं पाणी चमकलं, मग रेणुकामातेचं मंदिर, आणि मग एकदम वर, निळ्या आभाळात, परशुराम मंदिराचा शेवटचा सुळका. सगळं पठार सोनकीने पिवळं झालं होतं. सर खाली बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

एका गोष्टीने जीव चरफडला. तलावाच्या काठावर वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. ज्या टाक्यांमधलं पाणी इतकी वर्षं शिबंदीने, गुराख्यांनी आणि भक्तांनी प्यायलं, त्यांच्या तोंडाशी प्लास्टिक पडलेलं. वारसा यादीत नाव आल्यावर माणसं वाढणार, ती यावीतही. पण रिकामी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा हलकी असते, ती खाली नेणं कुणालाच जड नाही. आम्ही एक पोतं भरलं.

पठारावरून टोकापर्यंतचा चढ उभा आणि घसाऱ्याचा आहे. छोटे दगड पायाखालून सुटतात, म्हणून एकाच्या थेट खाली दुसऱ्याने चढायचं नाही. सव्वादहाला टोकावर पोहोचलो. छोटंसं मंदिर, आत परशुरामाच्या पादुका, त्यांच्यावर कुणीतरी वाहिलेली झेंडूची ताजी फुलं. म्हणजे आमच्याही आधी, अंधारात, कुणीतरी येऊन गेलं होतं. परशुरामाने जिंकलेली सगळी पृथ्वी दान केली आणि स्वतःला राहायला जागा हवी म्हणून इथून बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी इथली श्रद्धा आहे. समुद्र इथून दिसत नाही. पण पश्चिमेला डांगचं जंगल खाली खाली उतरत जातं आणि शेवटी नुसती निळाई उरते. त्या कडेला उभं राहिल्यावर ही कथा इथेच का रुजली ते कळतं.

पूर्वेकडे मांगी-तुंगीचे दोन सुळके, अलीकडे न्हावीगड, मुल्हेर, मोरा आणि हरगड. दक्षिणेला दूरवर सप्तशृंगीचा डोंगर आणि त्याच्याही पलीकडे धोडप, कालचीच ती खाच. हे सगळं एका नजरेत आलं की बागलाणसाठी एवढी रक्तं का सांडली याचं उत्तर मिळतं. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी माल याच मुलखातून जाई. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागुलांचं राज्य घेतलं ते याच वाटांसाठी. १६७१ च्या सुरुवातीला महाराजांनी साल्हेर घेतला आणि मुघलांनी वेढा घातला. फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर वेढा फोडायला दोन बाजूंनी आले आणि पायथ्याला लढाई झाली. गनिमी काव्याची नव्हे, उघड्या मैदानातली, समोरासमोरची. मुघलांचा इखलासखान हाती लागला. आपल्या बाजूने सूर्यराव काकडे जंबुरकाचा, म्हणजे छोट्या तोफेचा, गोळा लागून पडले. मोठ्या मुघल फौजेला मैदानात उभं राहून हरवता येतं हे मराठ्यांनी या डोंगराखाली दाखवून दिलं. मी भाचीला खालचा सपाट मुलूख दाखवला. आता तिथे मका आणि भात आहे.

“मामा, वारा थांबलाय,” ती म्हणाली.

खरंच थांबला होता. मंदिरावरचा झेंडा, जो आम्ही आलो तेव्हा फडफडत होता, तो काठीला चिकटला होता. अकराला दहा कमी होते. डांगाच्या बाजूला, सकाळी जिथे काहीच नव्हतं, तिथे तीन-चार पांढरे ढग उभे राहिले होते. एकाचा माथा चपटा होऊन आडवा पसरायला लागला होता. सरांनी तो ढग पाहिला, भाऊंनी सरांकडे पाहिलं, आणि दोघांनीही एकदमच पिशव्या उचलल्या. डोक्यावर मात्र ऊन होतं. याच वेळी माणूस फसतो. ऊन आहे, दृश्य आहे, डबा उघडायचाय, अर्धा तास आणखी थांबू असं वाटतं. टोकावर आपल्याइतकं उंच दुसरं फारसं काही नसतं, आणि वीज शोधते ती उंच वस्तूलाच.

साडेअकराला गुहांशी आलो. तिथेच डबे उघडले. भाकरी संपायच्या आत ऊन गेलं. पहिली वीज सालोट्यापलीकडे चमकली. सर मोठ्याने आकडे म्हणू लागले. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की साधारण किलोमीटर मिळतात. पहिली वीज एकवीस सेकंदांची, म्हणजे सात किलोमीटर. दुसरी बाराची. तिसऱ्या वेळी सरांना दोन म्हणायलाही सवड मिळाली नाही.

गुहेत बसतानाही शिस्त असते. तोंडाशी बसायचं नाही आणि भिंतीला टेकायचं नाही, कारण ओल्या खडकावरून प्रवाह वाहतो. आम्ही आत, कोरड्या जमिनीवर, पिशव्यांवर पाय जवळ घेऊन, एकमेकांपासून अंतर ठेवून बसलो. काठ्या दूर ठेवल्या. बाहेर पाऊस असा कोसळत होता की गुहेच्या तोंडावरून पाण्याची धारच सुरू झाली. मघाशी जिथून चाललो त्या आडव्या वाटेवरून गढूळ पाणी दरीत उडी घेत होतं. भाचीचा चेहरा उतरला होता. भाऊंनी तिला गुळाचा खडा दिला आणि त्यांच्या लहानपणी गुरं घेऊन याच गुहेत कसं बसायचो ते सांगत राहिले. गोष्ट काय होती ते मला आठवत नाही, कारण मी विजा मोजत होतो. पण तिचा चेहरा हळूहळू निवळला ते आठवतं.

पाऊस पाऊणच्या सुमारास ओसरला. उठावंसं सगळ्यांनाच वाटत होतं. पण शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हा नियम आम्ही पाळला. मधे एकदा लांबून गडगडलं, अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. दीड वाजून गेल्यावर निघालो.

उतरायचं होतं साल्हेरवाडीच्या बाजूने, गाडी तिकडे बोलावून ठेवली होती. त्या बाजूचे दरवाजेही तसेच देखणे, पायऱ्याही तशाच. फक्त आता त्यांचे ओढे झाले होते. भाऊ पुढे होऊन प्रत्येक पायरी पायाने चाचपत आणि बसून उतरायची जागा आली की मागे वळून हात देत. सरांच्या गुडघ्याने तक्रार सुरू केली, तसा वेग निम्मा झाला. हाताशी वेळ होता म्हणून ते निभावलं. चारच्या सुमारास शेवटच्या दरवाजाखाली आलो तर पुन्हा ऊन, आणि ओल्या कड्यावरून वाफा निघत होत्या. साडेपाचला साल्हेरवाडीत चहा मिळाला. भाचीने दोन कप घेतले.

तिसरा दिवस : मुल्हेर आणि परत

बेत सालोट्याचा होता. पण रात्रभर पाऊस झाला आणि सालोट्याच्या पायऱ्या साल्हेरपेक्षा उभ्या, शिवाय सरांचा गुडघा सुजलेला. तो बेत डिसेंबरवर टाकला आणि परतीच्या वाटेवरचा मुल्हेर धरला.

गावात उद्धव स्वामींची समाधी आहे. कोजागरीला इथे रासक्रीडा होते, बागलाणातून माणसं लोटतात. सर समाधीपाशी थांबले, आम्ही दोघं किल्ल्याच्या माचीवर गेलो. झाडीतलं सोमेश्वराचं मंदिर आणि मोती तलाव एवढंच पाहायचं ठरवलं होतं. माचीवर रान इतकं माजलं होतं की तलाव हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसला नाही.

परत फिरताना झाडीतून एका मोकळ्या जागी आलो, तिथून साल्हेर दिसत होता. भाचीने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. टोक अजून उन्हात होतं, पण डांगाच्या बाजूने कालच्यासारखेच ढग उभे राहत होते. काल पठारावर काही माणसं चढताना भेटली होती, आजही कुणीतरी असणार. “आता त्यांनी उतरायला हवं ना?” तिने विचारलं. मी हो म्हणालो आणि आम्हीही पाय उचलले.

दीडला ताहराबादमध्ये शेवभाजीवर ताव मारत असताना पाऊस आला. टपरीवाल्याने बाकडी आत ओढली आणि टोकापर्यंत गेलो होतो का ते विचारलं. भाचीने त्याला वेळांसकट सगळं सांगितलं: किती वाजता निघालो, किती वाजता टोकावर, किती वाजता वारा पडला. देवळ्यापर्यंत वायपर चालू होते, भावडबारी उतरल्यावर रस्ता कोरडा होता.